मुकुट आतून बघा

वाचकाचं पत्र:

"ताई, मी मकरपुरा जीआयडीसीत नोकरी करतो, राहायला दांडिया बाजारात. पुढच्या महिन्यात आईला पंचाहत्तर पूर्ण होतात. दूरदर्शनवर 'रामायण' लागायचं तेव्हा आई रविवारी लवकर अंघोळ करून, टीव्हीसमोर उदबत्ती लावून बसायची. अजून तिला त्यातले प्रसंग पाठ आहेत. जुन्या वस्तू विकणाऱ्या एकाने मला एक मुकुट दाखवला. मालिकेत रामाने घातलेला तो हाच, असं तो म्हणतो. १९९१ च्या निवडणुकीच्या धामधुमीत युनिटमधल्या कुणीतरी तो बडोद्याला आणला आणि इथेच राहिला, अशी त्याची हकीकत. सोबत लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र, एपिसोडचा स्क्रीनशॉट आणि १९८८ चं भाड्याचं चलान आहे. तिन्हींचे आणि मुकुटाचे फोटो पाठवतोय. स्क्रीनशॉटमधला बारीक ओरखडा मुकुटावरच्याशी जुळतो, असंही तो मोबाइलवर दाखवतो. किंमत १ लाख ८५ हजार, रविवारपर्यंत २५ हजार टोकन मागतोय. मामा म्हणतात घेऊन टाक, बायको म्हणते एफडी मोडू नका. खरा-खोटा कसा ओळखायचा?"

भाऊ,

टोकन देऊ नका, हे सगळ्यात आधी. रविवारची घाई विकणाऱ्याला आहे, तुम्हाला नाही. इतकी वर्षं कुणाच्या तरी माळ्यावर पडून राहिलेली वस्तू अजून महिनाभर थांबू शकते. 'दुसरं गिऱ्हाईक तयार आहे' असं तो म्हणाला असेल, तर त्या गिऱ्हाइकाला खुशाल घेऊ द्या.

बाकीचं सावकाश बोलू. तुमच्या आईचा रविवार वाचून मला गलबलून आलं. २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८, दीड वर्ष, आमच्या रावपुऱ्यातल्या वाड्यातही हेच चालायचं. एक टीव्ही, तीस माणसं, दाराबाहेर चपलांचा ढीग, आणि संगीत सुरू झालं की आजीचे जोडलेले हात. त्यामुळे तुम्ही एवढे पैसे काढायला का निघालात, ते मला सांगावं लागत नाही.

मी वीस वर्षं कपडेपट आणि प्रॉपर्टी सांभाळली, आधी नाटकांची, मग मुंबईत मालिकांची. त्या मालिकेवर मी नव्हते, म्हणून 'मी तो मुकुट पाहिलाय' असं म्हणणार नाही. पण असे मुकुट कसे बनतात, कसे झिजतात, कुठून येतात नि कुठे जातात, हे माझ्या हातांना माहीत आहे.

विकणारा 'ओरिजिनल' म्हणाला की पहिला प्रश्न विचारा: ओरिजिनल म्हणजे नक्की काय? या एका शब्दात चार निरनिराळ्या वस्तू मावतात. कॅमेऱ्यासमोर डोक्यावर चढलेला मुकुट. त्याच मालिकेसाठी बनवलेला, पण पेटीतच राहिलेला जादा नग. त्याच ड्रेसवाल्याने त्याच साच्यातून दुसऱ्या कुणासाठी काढलेला मुकुट. आणि मालिका गाजल्यावर रामलीला, झांक्या, शोभायात्रा, शाळांची स्नेहसंमेलनं यांच्यासाठी त्या धर्तीवर बनलेला माल. चारही आज जुने दिसतील, चौथासुद्धा. नव्वद सालची नक्कल आता चांगली तीस-पस्तीस वर्षांची म्हातारी झाली आहे. म्हणून 'बघा किती जुना आहे' या वाक्याने काही सिद्ध होत नाही. चौघांच्या किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तुमच्याकडून पहिल्याचे पैसे मागितले जाताहेत.

आपल्याकडे यात आणखी एक गुंता आहे. हॉलीवूडच्या मोठ्या कंपन्या खूपशा वस्तू स्वतः बनवून स्वतःच्या गोदामात ठेवत. आपल्याकडे निम्म्याहून जास्त सामान भाड्याने यायचं. ड्रेसवाल्याकडून पेट्या यायच्या, शेड्यूल संपलं की परत जायच्या, आणि आठवड्याभरात तोच माल दुसऱ्या सेटवर असायचा. एक गदा माझ्याच हातून तीनदा रंगली. आधी एका पौराणिक मालिकेसाठी सोनेरी, मग जाहिरातीसाठी चंदेरी, मग एका शाळेच्या गॅदरिंगला पुन्हा सोनेरी. मुठीजवळ नखाने खरवडलं की तिन्ही थर दिसायचे आणि तळाशी रेड ऑक्साइडचा तांबडा हात. ती गदा कुठल्या मालिकेची म्हणायची? शिवाय जपून ठेवायची आपल्याला सवय नाही, आणि जे जपलं तेही कधी हातचं जातं. १६ सप्टेंबर २०१७ ला चेंबूरच्या आर. के. स्टुडिओला आग लागली, त्यात किती सिनेमांचे कपडे आणि आठवणी गेल्या! तेव्हा ताडून बघायला दुसरा नग मिळेल, या भरवशावर राहू नका. जी वस्तू हातात आहे तिलाच बोलतं करावं लागतं.

मुकुट बोलतो तो आतून. बाहेरची बाजू कॅमेऱ्यासाठी असते, आतली घालणाऱ्यासाठी. तो उलटा करा आणि कपाळाला टेकणारी पट्टी बघा. दिव्यांखाली आठ-दहा तास घातलेल्या मुकुटाला कपाळावर घाम लागतो, कानांमागे लागतो, माथ्यावर फारसा नाही. मेकअपचा पॅनकेक, म्हणजे चेहऱ्यावरचा जाड रंगलेप, पट्टीच्या खालच्या काठाला तपकिरी रेघेसारखा बसतो, कापडाच्या विणीत शिरतो आणि धुतला तरी पूर्ण जात नाही. मुद्दाम जुना केलेला मुकुट मात्र चहाच्या पाण्याने किंवा बूट पॉलिशने सगळीकडे सारखाच मळवलेला असतो. घाम असा सारखा पसरत नाही.

मग बाहेरून दोन्ही बाजूंना, कानांच्या जरा वर, बघा. मुकुट घालताना आणि काढताना माणूस दोन्ही हातांनी तिथेच धरतो. शंभर वेळा चढवला-उतरवला की त्या दोन जागी सोनेरी मुलामा उडतो आणि खालचा रंग डोकावतो. पुढे कपाळावर मुलामा उडालेला आणि हाताच्या जागा कोऱ्या, असं असेल तर तो मुकुट घालून झिजलेला नाही, कुणीतरी घासला आहे.

आतला स्पंज दाबून बघा. पॉलियुरेथेनचा स्पंज वीस-तीस वर्षांत मऊ राहत नाही. चिकट होतो, नाहीतर बोटाखाली पिवळी पूड होऊन झडतो. मऊ, उसळणारा स्पंज असेल तर अस्तर नंतर बदललंय. त्याने मुकुट खोटा ठरत नाही, पण कुणी, कधी, कशासाठी बदललं, हे विकणाऱ्याला सांगता आलं पाहिजे. तांब्या-चांदीची जर काळवंडते, प्लॅस्टिकची लेस चाळीस वर्षांनीही चमकत राहते. आणि पट्टीच्या मागे शाईने, रंगाने किंवा शिवून काढलेला नंबर शोधा. भाड्याच्या मालाला नंबर असतोच, नाहीतर पेटी मोजून परत घेणार कशी? मी स्वतः पट्टीवर पात्राचं नाव आणि नग लिहायचे. नंबर खोडून वर नवा घातलेला दिसला तर मला आनंदच होईल. तो वापराचा पुरावा आहे.

या कामाला तज्ज्ञ कुठून आणू, असं म्हणाल. गणपतीची आरास करणारा एखादा जुना कारागीर आपल्याच शहरात तुम्हाला मिळेल. पुठ्ठा, कागदाचा लगदा, फायबर, पत्रा यांतलं काय कशावर चढवलंय आणि दुरुस्ती कुठे आहे, हे तो पाच मिनिटांत सांगेल. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समध्ये म्युझिऑलॉजी, म्हणजे संग्रहालयशास्त्राचा, विभाग १९५२ पासून आहे. ते तुम्हाला शिक्का मारून देणार नाहीत, पण नीट विनंती केली तर वस्तूकडे कसं बघायचं ते समजावतील. विकणारे अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारून भाव खातात, त्याने दिपून जाऊ नका. कापड-कागद पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून घातलेली द्रव्यं त्या उजेडात निळसर चमकतात खरी, पण ती १९५० नंतरच्या दशकांत सर्रास वापरात आली होती. १९८७ की २०१७, हे त्या टॉर्चने ठरत नाही. वेगवेगळे गोंद आणि नंतरचे रंग वेगळे चमकतात, एवढा तिचा उपयोग.

आता स्क्रीनशॉट. पडद्यावरच्या चित्राशी वस्तू जुळवणं ही जगभर मानलेली पद्धत आहे, पण तिच्या मर्यादा विकणारा सांगत नाही. त्या काळच्या दूरदर्शनच्या चित्रात दिसणाऱ्या आडव्या रेघा साधारण ५७६. माणूस डोक्यापासून पायापर्यंत पडदाभर उभा असेल तर एका रेघेत जवळजवळ तीन मिलिमीटर मावतात. चेहऱ्याच्या क्लोजअपमध्ये पाव मीटर उंचीचा मुकुट पडद्याचा तिसरा हिस्सा व्यापत असेल, तरी रेघेला सव्वा मिलिमीटर. आणि तुमचा विक्रेता मोबाइलवर दाखवतोय की 'हा बारीक ओरखडा बघा, जुळला'. इतका बारीक ओरखडा त्या चित्रात उतरूच शकत नाही. तो जे दाखवतोय ती चित्राची खरखर आहे. रंगही जुळवू नका, टेपचे रंग वर्षांगणिक सरकतात. नेटवरची कित्येक चित्रं चौकोनी पडद्याची ताणून रुंद केलेली असतात, त्यांत प्रमाणही फसतं.

जुळवायचं ते हाताचं काम. साच्यातून निघालेली नक्षी प्रत्येक नगावर तीच असते, तिने काही कळत नाही. पण खडे, मणी, टिकल्या कुणीतरी बसून एकेक चिकटवलेल्या असतात. त्यात डावीकडे अकरा आणि उजवीकडे दहा होतात, एक खडा तिरका बसतो, लेसचा जोड मधोमध न येता बोटभर सरकतो. हे दोष दुसऱ्या नगावर तसेच उतरत नाहीत. विकणाऱ्याला भाग क्रमांक आणि मिनिट विचारा. एकूण ७८ भाग, आणि वनवासात रामाला मुकुट नाही, जटा आहेत. त्यामुळे शोधायचे भाग तुम्हाला वाटतात त्याहून कमी आहेत. तुम्ही पाठवलेला स्क्रीनशॉट समोरून घेतलेला आहे, आणि समोरचं चित्र नक्कल करणाऱ्यापुढेही असतंच. ते बघून केलेली वस्तू त्या चित्राशी जुळणारच. तुम्ही बाजूने, मागून, मान वळताना दिसणारी चित्रं काढा आणि तिथले दोष शोधा. तिथे जुळला तर मी हात जोडीन.

दोषांनी आणि दुरुस्तीने वस्तू कशी ओळखू येते, याचं माझं आवडतं उदाहरण बाहेरचं आहे. 'द विझार्ड ऑफ ऑझ' या १९३९ च्या सिनेमातले लाल टिकल्यांचे बूट. त्यांचे एकाहून जास्त जोड बनले होते. एक जोड २००५ मध्ये मिनेसोटातल्या एका संग्रहालयातून चोरीला गेला आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या तपास यंत्रणेला सापडला. तो खरा की खोटा हे ठरवायला तिथल्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेच्या तज्ज्ञांनी त्याच्याशेजारी आपल्याकडचा जोड ठेवला. तेव्हा दिसलं की दोन्ही जोड मुळात आपसांत बदललेले आहेत, याचा डावा त्याच्या उजव्याचा भाऊ! आणि खूण पटवणाऱ्या गोष्टींत होते काचेचे पारदर्शक मणी, वरून लाल रंगवून ठिगळासारखे बसवलेले. नक्कल करणाऱ्याला असलं ठिगळ सुचत नाही. तो जोड डिसेंबर २०२४ मध्ये लिलावात २ कोटी ८० लाख डॉलरच्या बोलीला गेला, वरचं कमिशन वेगळं.

कागदांकडे येते. लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र बाजूला ठेवा. ते विकणाऱ्यानेच लिहिलंय, म्हणजे त्याचं तोंडी बोलणंच प्लॅस्टिकमध्ये घातलंय. प्रमाणपत्राला किंमत येते ती देणारा त्या सेटवर होता तेव्हा, किंवा खोटं निघालं तर पैसे परत द्यायला तो बांधील असेल तेव्हा.

चलान मात्र मी दोनदा मोठं करून बघितलं. छापील फॉर्म, वर मुंबईचा पत्ता, हाताने लिहिलेली तारीख १२ मार्च १९८८. आता रकमेचा रकाना बघा. वर छापलंय ते रुपयाचं चिन्ह, 'र' वर आडव्या रेघांचं. ते चिन्ह भारत सरकारने १५ जुलै २०१० ला स्वीकारलं. १९८८ मध्ये ते कुठल्याही छापखान्यात नव्हतं. इंग्रजी पत्त्यात शहराचं नाव 'मुंबई' आहे, त्या काळचे इंग्रजी लेटरहेड 'बॉम्बे' लिहायचे, नाव अधिकृतपणे १९९५ ला बदललं. आणि फोन नंबर आठ आकडी आहे, तेव्हा मुंबईला आठ आकडी फोन नव्हते. एक खूण तुम्ही हाताने तपासा. तेव्हाची चलान-बुकं बहुतेक खिळ्यांवर, म्हणजे अक्षरांच्या सुट्या ठशांवर, छापली जायची, कागद उलटा करून बोट फिरवलं तर अक्षरांचा उठाव लागतो. तुमच्या कागदाची पाठ गुळगुळीत लागेल, असा माझा अंदाज आहे.

हे चलान १९८८ चं नाही. त्यामुळे मुकुट आपोआप खोटा ठरत नाही, पण त्याच्या नावाने कुणीतरी कागद तयार केला, हे ठरतं. तुमच्या विक्रेत्याने केला की त्यालाही कुणी असाच दिला, हे मला माहीत नाही. त्याच्यावर आरोप करायला जाऊ नका. 'हे कुठून मिळालं?' एवढंच विचारा आणि उत्तर ऐका.

आता ती निवडणुकीची हकीकत. सीतेची भूमिका केलेल्या दीपिका चिखलिया १९९१ मध्ये आपल्या बडोद्यातूनच लोकसभेवर निवडून गेल्या, हे खरं. चित्रीकरण उंबरगावला झालं, बडोदा-मुंबई रेल्वेच्याच वाटेवर, हेही खरं. म्हणूनच ती गोष्ट गोड वाटते. पण दोन खऱ्या गोष्टींच्या मध्ये मुकुट ठेवला म्हणून तो तिथला होत नाही. बडोद्यात अशा खऱ्या गोष्टी भरपूर आहेत. दादासाहेब फाळके इथल्या कलाभवनात शिकले, राजा रविवर्म्याने इथल्या राजवाड्यासाठी चित्रं काढली. उद्या कुणी जुना कॅमेरा आणून कलाभवनाचं नाव घेईल. पूर्वीचा मालक कोण, त्याचं सेटवर काम काय होतं, त्याच्याकडून कुणी घेतला, कधी, एकेका हाताचं नाव पाहिजे. 'युनिटमधला कुणीतरी' याला हात म्हणत नाहीत.

आणि तो कुणीतरी खराच असेल तर दुसरा प्रश्न उभा राहतो. मुकुट भाड्याचा होता, तर तो परत का गेला नाही? ज्याने आणला त्याला तो विकायचा हक्क होता का? खरी वस्तू आणि विकणाऱ्याची वस्तू या दोन वेगळ्या चौकश्या आहेत.

हे मी इतकं ताणून सांगतेय त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका काकांनी मला एक छातीकवच दाखवायला बोलावलं. गाजलेल्या चित्रपटातलं म्हणून घेतलेलं, काचेच्या कपाटात, आत दिवा. मी ते हातात घेऊन उलटं केलं. आत माझे टाके होते. मी दुहेरी दोरा घेते आणि गाठ पट्टीखाली उजवीकडे दडवते, दुसरं कुणी तशी घेताना मी पाहिलेलं नाही. एका प्रदर्शनासाठी मी ती नक्कल केली होती आणि नक्कल म्हणूनच दिली होती. वाटेत कुणीतरी तिची बढती केली. काकांना सांगताना माझी जीभ जड झाली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग उठून त्यांनी कपाटातला दिवा बंद केला. पैसे परत मिळाले नाहीत, कारण बिलावर नुसतं 'शोभेची वस्तू' लिहिलेलं होतं.

म्हणून, एवढं सगळं तपासूनही घ्यायचं ठरलंच, तर बिलावर पूर्ण वाक्य लिहून घ्या: अमुक मालिकेच्या अमुक भागात पडद्यावर वापरलेला मुकुट, तसं नसल्याचं आढळल्यास पूर्ण रक्कम परत. खाली नाव, पत्ता, सही. पैसे बँकेतून द्या, रोख एक रुपयाही नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगातही करता येते, म्हणजे बडोद्यातच. पण त्याला ते वाक्य बिलावर लागेल. तो लिहायला कांकू करू लागला, तर तिथून उठा.

माझं मत विचारलंत तर, आज आहे त्या कागदांवर हा मुकुट मी पाच-सात हजारांवर घेणार नाही. तेही जुनं, देखणं हातकाम म्हणून, आणि आईला तसंच सांगून. मामांचा उत्साह मला समजतो, पण एफडीच्या बाबतीत तुमच्या बायकोचं ऐका. आईच्या हातात वस्तू देऊन 'हाच तो मुकुट' म्हणाल, ती देवघरात ठेवेल, रोज हळदकुंकू वाहील. नंतर कधी खोटं निघालं तर तिला ते सांगायची वेळ तुमच्यावर येईल.

उलट तिला आत्ताच कामाला लावा. काही न सांगता राज्याभिषेकाचा भाग लावून तिच्याशेजारी बसा आणि मुकुट कसा होता, पुढे काय होतं, खडे कुठल्या रंगाचे, असं बोलता बोलता विचारा. इतक्या भक्तीने पाहिलेल्या डोळ्यांना पुष्कळ आठवत असतं. तिला दिसेल ते लिहून घ्या आणि मग मुकुटाशी ताडून बघा.

आणि मला आतले फोटो पाठवा. तुम्ही पाठवलेले सगळे बाहेरचे आहेत. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, कपाळाची पट्टी, दोन्ही कानांमागची जागा, लेसचा जोड, आणि शेजारी मोजपट्टी ठेवून. पट्टीचा टाका कुठे उसवलेला असेल तर तिथून आतला पुठ्ठाही दिसू द्या, पण उसवू नका.